लकव्यानंतरचे ताट

महाराष्ट्रात पक्षाघाताची चर्चा निघाली की ती बहुधा दोन मुद्द्यांपाशी येऊन थांबते. पहिला मुद्दा साडेचार तासांचा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून तेवढ्या अवधीत द्यावे लागते आणि तालुक्याच्या ठिकाणी ते सहसा मिळत नाही. दुसरा मुद्दा पाकिटबंद खाद्यपदार्थांचा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात सुचवलेले, पदार्थ आरोग्याला कितपत चांगला हे दाखवणारे तारे पाकिटावर छापावेत, की मीठ-साखर-चरबी जास्त असल्याचा सरळ इशाराच छापावा, हा वाद अजून धुमसतो आहे. दोन्ही मागण्या रास्त आहेत. तरीही इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या पक्षाघात कक्षात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना, आणि मराठी वर्तमानपत्रे नेमाने वाचताना, मला सतत असे वाटत राहते की या आजाराचा सर्वांत लांबलेला काळ आपल्या चर्चेत येतच नाही. इंजेक्शन मिळो वा न मिळो, वाचलेला माणूस शेवटी घरी येतो, आणि त्यानंतर त्याचे शरीर आणि मेंदू किती सावरणार यात त्याला कोण, काय आणि कसे भरवते याचा वाटा मोठा असतो.

इथल्या कक्षाचा एक नियम फार साधा आहे. रुग्ण दाखल झाल्यापासून चार तासांच्या आत त्याची गिळण्याची तपासणी व्हायला हवी, आणि तोवर त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब किंवा गोळीसुद्धा जाता कामा नये. परिचारिका त्याला ताठ बसवते, चमच्याने थोडेसे पाणी देते, गिळताना कंठमणी वर सरकतो का ते पाहते, ठसका लागतो का आणि नंतरचा आवाज ओला, घोगरा येतो का ते ऐकते. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो, आणि पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत उतरले की न्यूमोनियाची भीती असते. तपासणीनंतर पाणी किती दाट आणि अन्न किती मऊ हवे ते खाटेच्या डोक्याशी लिहिले जाते. ज्यांना भरवावे लागते त्यांचे जेवण लाल ट्रेमध्ये येते, म्हणजे तो ट्रे तसाच परत निघाला तर कोणाच्या तरी नजरेला पडतो. या सगळ्याला यंत्र लागत नाही. चमचा, वाटीभर पाणी आणि शिकवलेले माणूस लागते.

एडिंबरातून चालवल्या गेलेल्या, अनेक देशांतील रुग्णालयांनी भाग घेतलेल्या, पक्षाघाताच्या रुग्णांच्या पोषणाविषयीच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ज्यांचे पोषण मुळात बरे होते त्यांना सरसकट पूरक पेये पाजून फारसा लाभ झाला नाही, त्यामुळे घरोघरी महागड्या पावडरींचे डबे खपवणाऱ्यांना या संशोधनाचा आधार घेता येणार नाही. मात्र जे दाखल होतानाच कुपोषित होते, त्यांच्यात मृत्यू आणि परावलंबित्व अधिक असल्याचे त्याच संशोधकांनी आधी दाखवून दिले होते. म्हणजे झटका येण्यापूर्वीची वर्षानुवर्षांची गरिबी रुग्णासोबत खाटेपर्यंत येते.

ती इथेही येते. इंग्लंडविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात सर्वांत गरीब गटातील लोकांना पहिला झटका सर्वांत सधन गटापेक्षा सुमारे सात वर्षे आधी येतो असे दिसले. कक्षात सगळ्यांचा ट्रे सारखा असतो, फरक पडतो तो सुट्टी झाल्यावर. एका हाताने भाजी चिरता न येणारा, एकटा राहणारा माणूस गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या फूड बँकेतून आलेल्या खारट डबाबंद सूपवर दिवस काढतो. शिवाय साठीच्या आतील रुग्णाला केवळ पक्षाघात झाला म्हणून इंग्लंडमध्ये औषधांच्या शुल्कातून सूट मिळत नाही, हे ऐकून गावाकडच्या लोकांना नवल वाटते. तेव्हा ब्रिटनची आरती ओवाळण्याचे काही कारण नाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर शंभरातले सुमारे चौदा मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतील बहुतेक घरीच झाले होते. अशा घरांत भरवण्याचे काम सून, मुलगी किंवा बायको करते आणि तिच्या हाती सूचना म्हणून असते ते पथ्य. लकवा हा वाताचा विकार मानला जातो, म्हणून हरभरा, वाल, वाटाणा, बटाटा आणि कित्येक घरांत तुरीचे वरणसुद्धा वातूळ म्हणून बंद होते. दही थंड म्हणून वर्ज्य, अंडे उष्ण म्हणून वर्ज्य. कोणी तरी कबुतराच्या मांसाचा उतारा सुचवतो तो वेगळाच. या सगळ्या वजाबाकीनंतर उरते ती पातळ पेज, आणि ज्याचे गिळणे बिघडले आहे अशा माणसाला नेमक्या पातळ पदार्थानेच जास्त ठसका लागतो. प्रथिनांवाचून स्नायू झिजतात, व्यायाम झेपत नाही, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. दाट आंबील, गुरगुट्या भातावर घोटलेले वरण, मऊ उकडून कुस्करलेले अंडे यांना कोणतीही पावडर लागत नाही. पण ते चालते, हे सांगणारे कोणी लागते. पुण्या-मुंबईतल्या सधन घरी ते सांगायला आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट दारी येतात.

बुद्धीवर सर्वांत मोठा घाला घालतो तो दुसरा झटका. पहिल्या झटक्यानंतर लवकरच साधारण दहातल्या एकाला स्मृतिभ्रंश होतो, पुन्हा झटका आलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाते. म्हणून रक्तदाब आटोक्यात हवा, आणि म्हणून मीठ कमी हवे. ब्रिटनमध्ये बहुतेक मीठ पाव, हॅम आणि तयार जेवणातून पोटात जाते, त्यामुळे इथे कंपन्यांवर दबाव आणणे योग्यच होते. आपल्या गावातले मीठ मात्र भाजीत, ठेच्यात, लोणच्या-पापडांत घरच्याच हाताने पडते. तिथे पाकिटावरचे तारे काय करणार? याबाबतीत आपण लंडनपेक्षा चीनच्या खेड्यांकडे पाहावे. तिथल्या ६०० गावांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या गावांना असे मीठ दिले गेले, ज्यात नेहमीच्या सोडियमयुक्त मिठाचा चतुर्थांश भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले होते. सहभागींपैकी बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता. या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले.

असे मीठ आपल्या दुकानांत मिळते, पण साध्या मिठाच्या कित्येक पट दराने, म्हणजे पुन्हा ज्याला परवडते त्यालाच. ते रेशनवर सरसकट द्यावे असे मी म्हणणार नाही, कारण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वाढलेले पोटॅशियम घातक ठरू शकते आणि खेड्यांत तो विकार अनेकदा निदानाविनाच असतो. मात्र पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाची, मूत्रपिंड नीट चालते का ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून त्याला सवलतीच्या दरात हे मीठ आरोग्य उपकेंद्रातून देणे अवघड नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. त्याच पैशातून, सुट्टी देण्यापूर्वी, घरी भरवणाऱ्या बाईला ताठ बसवून चमच्याने पाणी कसे पाजायचे, ठसका लागला तर कधी थांबायचे आणि वरण का बंद करायचे नाही, हे अर्धा तास शिकवण्याची सक्ती करता येईल. परिचारिका कमी आहेत हा आक्षेप खरा आहे. इथेही त्या कमीच आहेत, आणि माझ्या कक्षात हे शिकवण्याचे काम कित्येकदा प्रशिक्षित मदतनीस करते.