मामीच्या साड्या आणि ‘पाच मंत्रां’चा फॉरवर्ड

‘इन्स्टावर ग्राहक खेचण्याचे पाच मंत्र’ नावाचा एक फॉरवर्ड सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांमधून फिरतोय. मी वाचून सोडून दिला असता. पण माझी मामी घरून माहेश्वरी साड्या विकते, आणि तो वाचून तिनं चांगले फोटो उडवायला सुरुवात केली.

कारण मंत्र पहिला: ‘विकल्या गेलेल्या मालाच्या पोस्ट डिलीट करा, पेज ताजं दिसतं.’ सगळ्यांत घातक सल्ला हाच. विकली गेलेली बुगडी काठाची (माहेश्वरीच्या काठाची एक नक्षी) साडी बघूनच पुढची बाई विचारते, ‘अशीच मोरपंखी रंगात विणून मिळेल का?’ फोटोच नसेल तर विचारणार कशावरून? शिवाय त्या पोस्टची लिंक कुणी नणंदेला, कुणी विहीणबाईंना पाठवलेली असते, तीही मेली. कॅप्शनमध्ये ‘ही गेली, ऑर्डर घेते’ एवढं लिहा की. अगदीच नको असेल तर अर्काइव्ह करा, म्हणजे पोस्ट लोकांपासून लपते, पण पुसली जात नाही. आणि ज्यांनी हा उद्योग आधीच केलाय त्यांनी ‘नुकतंच डिलीट केलेलं’ हा भाग उघडावा. पोस्ट तिथे 30 दिवस राहते, तेवढ्यात परत आणता येते. मामीच्या तशाच परत आणल्या.

दुसरा मंत्र वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. ‘आपल्याच पोस्ट सेव्ह करून लग्नसराई, रोजच्या, भेट द्यायच्या अशी कलेक्शन बनवा, ग्राहकाला विभागवार माल दिसेल.’ अहो, सेव्ह केलेलं कलेक्शन दिसतं फक्त तुम्हाला! फार तर तुम्ही मुद्दाम सामील करून घ्याल त्याला. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये आत छान गठ्ठे लावावेत आणि शटर पाडून बसावं, तसं झालं हे. लोकांना विभाग दाखवायचे तर हायलाइट आहेत, म्हणजे प्रोफाइलवर कायम राहणारे स्टोरींचे गोल. पिंटरेस्टवर असाल तर बोर्ड आहेत, म्हणजे फोटोंचे गट, त्यांच्या आत सेक्शनही पाडता येतात. फक्त बोर्ड सीक्रेट ठेवू नका.

तिसरा, ‘30 हॅशटॅग पहिल्या कॉमेंटमध्ये टाका.’ यावर मी वाद घालत बसत नाही. सर्च कसं चालतं ते खुद्द इन्स्टाग्रामनंच ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलंय: सर्चमध्ये सापडायचं असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये लिहा, कॉमेंटमध्ये नाही. अकाउंटचं नाव, बायो, ठिकाण हेही शोधात धरलं जातं. म्हणजे मामीच्या नावापुढे ‘माहेश्वरी साडी, इंदूर’ एवढं असलं तरी त्या 30 शेपट्यांपेक्षा जास्त काम होईल.

चौथ्याचं उत्तरही त्यातच आलं. ‘अल्बमला काव्यमय नावं द्या’ म्हणे. ‘स्वप्नरंग’ टाइप करून साडी कोण शोधतं? माहेश्वरीचा प्रकार लिहा, ‘गर्भरेशमी’; काठाची नक्षी लिहा, ‘चटई काठ’. हायलाइटच्या नावाला जागा आधीच थोडी, ती कवितेवर कशाला घालवायची?

पाचवा, ‘सगळ्या हायलाइटना एका रंगाची कव्हरं लावा.’ बरं, हे अर्धं मान्य. नीटनेटकं दिसतं खरं. पण फॉरवर्डमधल्या नमुन्यात सगळीकडे गुलाबी गोल आणि मध्ये बदाम आहे. त्याऐवजी पार्श्वभूमी एक ठेवून प्रत्येकावर त्या-त्या काठाचा जवळून काढलेला फोटो लावा, म्हणजे बुगडी कुठली आणि चटई कुठली हे उघडायच्या आधीच कळेल.