पेपर हमखास परत यावा म्हणून

कायदेनिर्मिती आणि सार्वजनिक धोरणाला वाहिलेल्या नियतकालिकाकडे पेपर पाठवायचं ठरवलंत, अभिनंदन. सुरुवात शीर्षकापासून करा. विषय कुठलाही असो, मध्ये अपूर्णविराम आणि त्यापुढे ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शब्द हवेतच. शीर्षकात चिकित्सा उरकली की आत ती करावी लागत नाही.

विषय म्हणून अगदी ताजं विधेयक निवडा आणि सगळा पेपर त्यातल्या एखाद्या खंडाच्या शब्दरचनेवर उभा करा. वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक डिसेंबर 2019 मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीचा अहवाल डिसेंबर 2021 मध्ये आला आणि 3 ऑगस्ट 2022 रोजी सरकारने विधेयकच मागे घेतलं. ज्यांनी तोवर खंड 91 वर, म्हणजे बिगर-वैयक्तिक डेटा मागण्याच्या सरकारच्या अधिकारावर, पंचवीस पानं लिहिली होती त्यांनीही घाबरायचं कारण नव्हतं. वर्डमध्ये ‘रिप्लेस ऑल’ आहे. 2019 च्या जागी 2023 टाका, ‘खंड’च्या जागी ‘कलम’ टाका आणि पाठवून द्या. जुन्या विधेयकात 98 खंड होते, त्याच्या जागी आलेल्या ऑगस्ट 2023 च्या अधिनियमात 44 कलमं आहेत. कलम 91 कुठे गेलं ते संपादक शोधतील, त्यांना तेवढाच विरंगुळा.

कृषी कायद्यांचंही तसंच. सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर, 12 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, 29 नोव्हेंबर 2021 रोजी दोन्ही सभागृहांत निरसन विधेयक मंजूर. परीक्षण आणि दुरुस्त्यांत सहा महिने ते वर्ष सहज जातं, तेव्हा ‘या कायद्याने शेतकऱ्याचं भलं होईल का’ असाच प्रश्न घ्या. पेपर छापून येईपर्यंत कायदा उरलेला नसतो. राज्यसभेत ही विधेयकं समितीकडे न जाता आवाजी मतदानाने मंजूर झाली, निरसनही चर्चेविना झालं. तर कायदा करण्याच्या या पद्धतीत नेमकं काय बिघडलंय, हा प्रश्न मात्र चुकूनही घेऊ नका. तो कायदा गेल्यावरही शिल्लक राहतो आणि संपादकांना पेपर ठेवून घ्यावासा वाटतो.

प्रस्तावना भरघोस हवी. कौटिल्यापासून निघा, वाटेत मॅग्ना कार्टाला नमस्कार करा, संविधान सभेत मुक्काम करा आणि दीड हजार शब्द संपले की अनुच्छेद 21 पाशी पोचा. आपल्याकडची अशी बरीच नियतकालिकं राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे विद्यार्थीच चालवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या या मुलांनी मूलभूत हक्कांबद्दल अजून काही ऐकलेलं नसणार. तुमचं म्हणणं काय, हे पाचव्या पानाआधी कळता कामा नये. गोषवाऱ्यातही ‘या पेपरमध्ये विविध पैलूंचा आढावा घेतला आहे’ एवढंच लिहा. पहिली चाळणी गोषवाऱ्यावरच लागते, त्यामुळे निकाल लवकर कळतो.

साधनं निवडताना जपा. विधेयकासोबतचं उद्देश व कारणांचं निवेदन, स्थायी समितीच्या अहवालातली भिन्नमतपत्रिका, सभागृहातली चर्चा, राजपत्र हे सगळं फुकट आणि ऑनलाइन मिळतं, म्हणून कमी दर्जाचं समजा. 2014 च्या धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयांनी विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. तो ठेवला का, किती सूचना आल्या, त्यांचं काय झालं, या चौकशा टाळा. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यावर लिहिणाऱ्या मराठी माणसाने तर विशेष सावध राहावं. विधिमंडळाचं कामकाज मराठीत चालतं. ते वाचून उतारे दिलेत तर दिल्ली-बंगळुरूच्या लेखकांकडे नसलेलं काहीतरी पेपरात येईल आणि परत येण्याची शक्यता घटेल. संदर्भ म्हणून प्रवेशपरीक्षेच्या क्लासचे नोट्स पुरेत.

आता तळटीपा. संदर्भ देण्याच्या दोन पद्धती चालतात, अमेरिकेची ब्लूबुक आणि ऑक्सफर्डची ऑस्कोला. नियमावलीत ब्लूबुक मागितली असेल तर ऑस्कोला वापरा, ऑस्कोला मागितली असेल तर निम्मी ब्लूबुक. ऑस्कोलात संक्षेपांमागे पूर्णविराम नसतात, ब्लूबुकमध्ये असतात. दोन्ही आळीपाळीने दिलेत की कोणाचीच नाराजी राहत नाही. ‘इड.’ म्हणजे लगेच वरचाच संदर्भ. म्हणून आधी सगळीकडे ‘इड.’ लिहून घ्या आणि मग मधेच सहा नव्या तळटीपा घुसवा. केशवानंद भारती खटल्याचा हवाला आपोआप वर्तमानपत्रातल्या अग्रलेखाला जाऊन चिकटतो. ‘सुप्रा टीप 14’, म्हणजे ‘वरची चौदावी तळटीप पाहा’, यातला आकडा हाताने टाइप करा. वर्डची क्रॉस-रेफरन्सची सोय वापरली तर तळटीपा वाढल्यावर एफ-नाइन दाबून आकडे दुरुस्त होतात, आणि मग मजा काय राहिली?

खटले सुचवायला चॅटबॉट आहेच. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड ओढवून घेतला. तुमच्या बाबतीत संपादक मंडळातला एखादा विद्यार्थी रात्री दोन वाजता प्रत्येक तळटीप उघडून बघतो. त्याला दंड करता येत नाही. तो फक्त तुमचं नाव लक्षात ठेवतो.

मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतो हे बघणाऱ्या साम्य तपासणीची भीती बाळगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची आणि कायद्याचा मजकूर मोजणीतून वगळायचा असतो. तरीही आकडा 38 आला, तर दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून श्रेय देण्याचा कमीपणा घेऊ नका. शब्द फिरवून देणारं एखादं सॉफ्टवेअर लावा. ते ‘बिल’ दिसलं की ‘इन्व्हॉइस’ करतं आणि लोकसभेत इन्व्हॉइसवर सविस्तर चर्चा होते. साम्य मात्र 6 टक्के.

परीक्षण अनामिक असतं, म्हणून पहिल्या पानावरचं नाव काढा आणि तेवढ्यावर थांबा. फाइलच्या गुणधर्मांत नाव राहू द्या, आभारांत मार्गदर्शकांचं नाव हुद्द्यासकट राहू द्या, समासातली ‘सर, हे चालेल का?’ ही टिप्पणीही राहू द्या. वर्डमधलं ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ हे बटण गुणधर्मांतलं नाव आणि समासातल्या टिप्पण्या अर्ध्या मिनिटात पुसतं. तिकडे फिरकू नका.

शिफारशी तयारच असतात: जनजागृती करावी, अंमलबजावणी कडक करावी, विशेष न्यायालयं स्थापावीत. कोणत्या कलमात कोणते शब्द घालायचे, खर्च कोणी उचलायचा, अधिकार केंद्राचा की राज्याचा, यात शिरू नका. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणारी संविधानाची सातवी अनुसूची उघडली की अर्ध्या शिफारशी गळतात.

आपल्याकडची बहुतेक नियतकालिकं एका वेळी एकाच ठिकाणी पेपर द्या म्हणतात. अमेरिकेत एकाच वेळी अनेक ठिकाणी देण्याची रीत आहे, तेव्हा तिचा हवाला देऊन पाच ठिकाणी धाडा. सोबतच्या पत्रात दुसऱ्याच नियतकालिकाचं नाव राहिलं तर संपादकांना ही रीत लगेच समजते.

पाचही नकार आले की शेवटचा मार्ग मोकळा. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘मासिक’ हे तिन्ही शब्द नावात असलेलं नियतकालिक गाठा. आयएसएसएन ठळक दिसतोच. तो फक्त ओळख क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे सीव्ही वाचणाऱ्याला सांगायला कोण जातंय? यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर ही दर्जेदार नियतकालिकांची यादीही बंद केली. स्वीकाराचा मेल दुपारपर्यंत येईल, सोबत पैसे भरायचा क्यूआर कोड. सहलेखकाला प्रमाणपत्र हवं असेल तर त्याचे वेगळे.