टोलमाफी राहू द्या, कारखान्याच्या आवारात चार्जर द्या

ऑस्ट्रेलियात गाडीमागे काहीतरी जोडून नेणं हा जवळजवळ धर्म आहे. बोट, घोड्यांची पेटी, कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, नाहीतर कचऱ्याचा ट्रेलर तरी. म्हणूनच २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने २०३० पर्यंत नव्या गाड्यांपैकी निम्म्या इलेक्ट्रिक असाव्यात असं उद्दिष्ट मांडलं, तेव्हा पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ही गाडी तुमचा ट्रेलर ओढणार नाही, तुमची बोट ओढणार नाही, मजूर पक्षाला तुमचा वीकएंडच संपवायचाय, असा त्यांचा प्रचार होता. निवडणूक ते जिंकले. मी राहतो त्या वॉगा वॉगासारख्या आतल्या भागातल्या गावांत तो मुद्दा अजून संपलेला नाही.

आता तोच मुद्दा सांगली जिल्ह्यातून, आमच्या घरच्या ग्रुपवर, मराठीत येतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आली, त्यावर आमचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, लिहितो: "हे सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांचं. आमच्या दोन ट्रॉल्या ओढून दाखवा म्हणावं."

पहिल्या वाक्यावर दादा शंभर टक्के बरोबर आहे. दुसऱ्यावर मात्र तो नकळत मॉरिसनसाहेबांची शंका ऊसपट्ट्यात लावतोय, आणि ती तिथे तशीच्या तशी लागू पडत नाही.

इथे कॅराव्हॅन ओढली जाते ताशी १०० किलोमीटरने. त्या वेगाला खरा शत्रू वजन नसून हवा असते. मागचा उंच, चौकोनी डबा हवा ढकलत जातो. एरवी १०० किलोमीटरला २० युनिटच्या आसपास खाणारी इलेक्ट्रिक गाडी कॅराव्हॅन जोडली की ४०-५० खाते, म्हणजे पल्ला निम्म्यावर. डिझेलची गाडीही जास्त पिते, पण एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. ८० लिटरची टाकी म्हणजे ८०० युनिट. इंजिनाने त्यातली दोनतृतीयांश उष्णतेत घालवली तरी चालकाला ते जाणवत नाही. बॅटरी ७०-८० युनिटची, तिथे प्रत्येक युनिट जाणवतं. वर बहुतेक चार्जरच्या जागा एकट्या गाडीच्या मापाच्या, त्यामुळे कॅराव्हॅन सोडून कुठेतरी बाजूला लावा, चार्ज करा, परत जोडा. वॉगाहून सिडनी साडेचारशे किलोमीटर. हे सगळं वाटेत एकदोनदा करायला लागलं की माणूस वैतागतो. इथल्या शेतकऱ्याचा संशय अगदीच हवेतला नाही.

आता आपला ट्रॅक्टर बघा. दोन ट्रॉल्या, वीस टन ऊस, वेग ताशी पंधरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तेवढ्याच आकाराला पंधराच्या वेगाला तो शंभरच्या तुलनेत चाळीस पटींहून कमी. उरतो टायर आणि रस्ता. मी कागदावर मांडून बघितलं: एकूण वजन अठ्ठावीस टन धरलं, तर भरून जाताना किलोमीटरला दीड युनिटच्या आसपास लागेल. कारखाना वीस किलोमीटरवर असेल तर भरलेली खेप तीस युनिट, रिकामं परत येणं आणखी दहा. चढ आणि चिखल यांचं वेगळं. तरी चाळीस-पन्नास युनिट ही आजच्या साध्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीची गोष्ट आहे. शिवाय सरीतून भरलेली ट्रॉली हलवायला जागेवरच जो जोर लागतो, तो इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून देते.

नांगरट हे मात्र तिचं काम नाही. ४५ एचपी म्हणजे ३३ किलोवॅट. पूर्ण जोराने चालवलं तर २५ युनिटची बॅटरी तासाभरात संपते. सोनालिकाने २०२० मध्ये आणलेला टायगर इलेक्ट्रिक साधारण तेवढ्याच, साडेपंचवीस युनिट बॅटरीचा. फवारणी, आंतरमशागत, द्राक्षबागेतली कामं यांना तो ठीक. त्याला पलटी नांगर जोडून नापास करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

दादाची खरी हरकत तिसरीच आहे, आणि ती तो चेष्टेत टाकतो: "तिकडं छतावर सोलर आहे तुमच्या. इकडं रातच्याला लाईट आली की आम्ही पाणी पाजायला जातो." बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांवर छतांवर सौर पॅनेल आहेत, दुपारी वीज कुठे घालायची हा इथला प्रश्न. आपल्याकडे शेतीच्या फीडरला आठ तास, तेही पाळीने. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज येईल तिथे फरक पडेल, पण ती पंपासाठी आहे. त्यावर पन्नास युनिटचा ट्रॅक्टर लावला तर शेजारी भांडायला येईल.

पण ऊस जातो कुठे? साखर कारखान्यात. तिथे बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज तयार होते, हंगामभर, रात्रंदिवस. महावितरणकडून मिळणारा दर परवडत नाही ही कारखान्यांची जुनी रड. आणि त्याच कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर नंबर लावून तासन् तास उभे असतात, ड्रायव्हर ट्रॉलीखाली चादर टाकून झोपलेला. वाया जाणारा वेळ आणि स्वस्तात विकावी लागणारी वीज एकाच कुंपणात आहेत. वॉगाच्या शेतकऱ्याला अशी सोय कुणी देऊ शकत नाही, कारण त्याचा प्रवास दरवेळी वेगळ्या दिशेला. उसाची खेप रोज कारखान्याच्या त्याच गव्हाणीला, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, जाते.

मग अडतं कुठे? पैशात. वाहतूकदार आधीच ट्रॅक्टरच्या कर्जात असतो, वर ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला लाखोंची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली, आणि टोळी आलीच नाही तर ती बुडते. अशा माणसाला महागडा, नवखा, विकताना किंमत येईल की नाही याचा भरवसा नसलेला ट्रॅक्टर घे म्हणणं हा उद्धटपणा आहे. शेतात बंद पडला तर टोचन करून नेणार कुठे, तालुक्याच्या गॅरेजवाल्याला तो उघडता येतो का, हेही आहेच. म्हणून हा पहिला ट्रॅक्टर वाहतूकदाराने घेऊ नये. कारखान्याने घ्यावेत, दहा किलोमीटरच्या आतल्या गटांसाठी, आणि भाड्याने चालवायला द्यावेत. टोलमाफीत सरकार जे सोडतंय त्यातला वाटा तिकडे वळवावा. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या एसयूव्हीवाल्याचा टोल माफ केला नसता तरी त्याने ती गाडी घेतलीच असती, असं माझं मत आहे.

सप्टेंबरात कारखान्यांच्या वार्षिक सभा होतात. उसाचा दर, काटामारी, सभासदांची साखर यांवर माइक ओढाओढी होते. आवारातल्या चार्जरचा विषय निघाल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. दादा सभासद आहे, आणि त्याचा आवाज माइकशिवायही पोचतो.