वीस-पाच, पंचवीस आणि इप्पत्तैदु

माझी मुलगी इथे डॉर्टमुंडला दुसरीत आहे. परवा तिच्या गणिताच्या वहीत २५ च्या जागी ५२ दिसलं. म्हटलं, मी सांगतो, तू लिही. आणि तिच्या पेन्सिलीकडे बघत बसलो. आकडा ऐकल्याबरोबर तिनं आधी ५ काढला, डावीकडे जागा सोडली, मग मागं येऊन २ टाकला. या खेपेला बरोबर आलं. घाईत असली की मागं यायचं राहतं. जर्मनमध्ये पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात. कानावर जे आधी पडतं ते हात आधी लिहितो. बेळगावात माझ्या पाटीवरही हेच व्हायचं. तिला खोडरबर मिळतो, मला छडी मिळायची.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २५ साठी 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं मुलांना जड जातात, जुनी पद्धतही पुस्तकात आहेच. ऐकतो कोण? प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. मीही इथे बसून व्हॉट्सॲपवर तावातावानं लिहिलं होतं की आता मराठीचा गळा घोटा. सीमाभागातला माणूस या बाबतीत जरा जास्तच हळवा. गंमत म्हणजे ते पुस्तक आमच्या पोरांच्या हातात येणारच नव्हतं. बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांत कर्नाटकानं मराठीत छापलेली पुस्तकं चालतात. पुस्तक त्यांचं, भांडण आमचं.

शेजारच्या बोखुममध्ये २००४ पासून एक संस्था आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिचं नावच 'त्स्वान्त्सिश-आइन्स', शब्दशः वीस-एक. लोथार गेरित्सन या गणिताच्या प्राध्यापकांनी ती उभी केली. 'एक आणि वीस'च्या जोडीला वीस-एकही शिकवा, एवढंच त्यांचं मागणं. नॉर्वेनं तर १९५१ मध्येच संसदेच्या निर्णयानं दशक पुढं आणलं, कारण टेलिफोनवर नंबर सांगताना घोळ व्हायचे. तरी आजही तिथं जुनी मोजणी कानावर पडते.

मूल दहापर्यंत घडाघडा म्हणतं म्हणजे त्याला मोजता येतं असं नव्हे. अडीच-तीन वर्षांच्या पोराला 'तीन शेंगा दे' म्हणा, मूठभर देईल. आधी फक्त 'एक'चा अर्थ लागतो, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण शेंगा, हे उमगायला आणखी वेळ जातो. शाळेत याहून अवघड जागा येते: २५ मधला २ म्हणजे दोन नव्हे, वीस. नेमकं तिथंच आपले शब्द आडवे येतात. बावन्नमध्ये पन्नास शोधून काढावं लागतं. एकोणतीस ऐकून २ लिहायचा, ही तर शुद्ध चलाखीच. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या २००९ च्या एका अभ्यासात आकडे लिहिण्याच्या सुमारे निम्म्या चुकांचं मूळ या उलट्या क्रमात सापडलं. म्हणजे आमची कन्या एकटी नाही.

मला स्वतःला दशक शाळेत कळलंच नाही. ते कळलं बाजारात, आईबरोबर मिरच्या घ्यायला गेलो तेव्हा. मिरचीवाल्या अक्का बैलहोंगलकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. त्या 'इप्पत्तैदु' म्हणायच्या. इप्पत्तु वीस, ऐदु पाच. आईनं आधी दहाच्या दोन नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या, मग वर पाचाचं नाणं. शब्द ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं पैसे गेले. त्या दिवशी डोक्यात काहीतरी जागेवर बसलं.

आमच्या पोरांच्या कानावर या दोन्ही पद्धती फुकटात पडतात. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड शिकणं बंधनकारक आहे. त्या सक्तीचा राग मला आजही येतो आणि तो खोटा नाही. पण वर्गात पंचवीस आणि इप्पत्तैदु शेजारी-शेजारी लिहून 'बघा रे, काय फरक दिसतो?' असं विचारणारा मास्तर मला भेटला नाही. दुकानाच्या पाटीवर सक्तीचं साठ टक्के कन्नड आहे का, हे मोजायला दोन्हीकडे माणसं तयार. पोरांच्या पाटीवर काय चाललंय ते कोण बघतो?

माझं मत आता एवढं बदललंय: वीस-पाच पायरी म्हणून असू दे, वर्ष-दोन वर्षं. पंचवीस मात्र जायचा नाही. 'पंचवीस चोक शंभर'चा ठेका वीस-पाचला कुठून येणार?

रविवारी मुलगी व्हिडिओ कॉलवर आजीला मोजून दाखवत होती. अठ्ठावीसपर्यंत नीट गेली, मग अडली.

"एकोणतीस," आजीनं सुचवलं. "म्हणजे तिसाला एक कमी."

"पण आजी, तीस अजून आलंच नाही ना. मग त्यातून एक कमी कसा करू?"

आई क्षणभर गप्प. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांग रे तिला."

मी कन्नडमधून सांगायला लागलो.