लाल खिडकी दिसली की लगेच दाबा

चवथ जवळ आली. गणपतीवरच्या माटोळीचे फोटो, आजोबांच्या आवाजातली आरती, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सगळं संगणकात नुसतं पडून आहे आणि त्याला अजून रॅन्समवेअरचं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, कुलूप लागलेलं नाही. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ‘जरा येऊन बघशील?’ अशा मला येणाऱ्या फोनांचा हंगाम सुरू झालाच आहे, तेव्हा उरलेल्यांचीही सोय व्हावी.

पडदाभर लाल खिडकी उघडते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात 13 व्हायरस सापडले’. विश्वास ठेवा. वेबपानाला तुमची हार्ड डिस्क तपासता येत नाही, तो 13 चा आकडा पान बनवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असतो, असल्या बारकाव्यांत शिरू नका. कोपऱ्यातली फुली दाबा. बहुतेकदा तीही रंगवलेलीच असते. ऑल्ट-एफ-फोर दाबणं, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच बंद करणं आणि पुन्हा उघडताना ‘रिस्टोर’ला नाही म्हणणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग.

नोटिफिकेशनसाठी ‘अलाउ’ विचारलं की अलाउ.

‘तुमचं क्रोम जुनं झालंय’ म्हणणारं पान तर जिवाभावाचं. क्रोम आपलं आपण अपडेट होतं. तीन ठिपके, हेल्प, अबाउट एवढं केलं की आवृत्ती दिसते, बाकी असेल ते तिथेच उतरतं. पण कुणी फुकट फाईल देत असेल तर नको कसं म्हणायचं? विंडोज फाईलचं शेपूट, म्हणजे ती प्रोग्रॅम असल्याचं सांगणारं शेवटचं ‘.ईएक्सई’, लपवतं, म्हणून ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ तुम्हाला ‘बिल.पीडीएफ’ दिसते. उघडा. पडदा अंधारतो, बदल करू द्यायचे का असं विचारलं जातं, खाली प्रकाशक अज्ञात असल्याचंही लिहिलेलं असतं. वाचायचं नाही, ‘येस’. 2017 मध्ये ‘हॉफ्लर टेक्स्ट फॉन्ट सापडत नाही’ म्हणत स्पोरा नावाचं रॅन्समवेअर गळ्यात मारलं, त्याच वर्षी फ्लॅश प्लेयरच्या खोट्या अपडेटमधून त्याचा भाऊबंद बॅड रॅबिट आला, 2022 मध्ये विंडोजच्या खोट्या अपडेटमधून मॅग्निबर. फ्लॅश 2020 च्या अखेरीला मेला, त्याचं तेरावंही झालं, तरी त्याचं अपडेट आलं की लोक दाबतातच! आणि वर, ‘पण अगदी खरं वाटत होतं.’ खरं वाटावं म्हणूनच केलंय ना ते!

विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारा क्रॅक उतरवताना सोबतच्या सूचनेत अँटिव्हायरस बंद करा म्हटलेलं असतं. आज्ञाधारकपणे बंद करा. स्टॉप-डिजेव्हीयू या रॅन्समवेअरची पिलावळ याच वाटेने येते. विंडोज अपडेट चालू असल्याचं खोटं चित्र ती पुढे धरते, तुम्ही टक्के मोजत बसता, मागे फायलींना कुलपं लागतात. मग फोल्डराफोल्डरात चिठ्ठी: 980 डॉलर, 72 तासांत बोललात तर 490. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही इतकी सूट कोण देत नाही.

बॅकअपची डिस्क कायम लावलेलीच ठेवा, तिचंही एकदमच उरकतं.

शेवटी म्हणायचं, ‘हांवें कांयच करूंक ना.’ मग ‘येस’ कोणी दाबलं, मांजराने? दाबलंत तर दाबलंत, पण त्याच क्षणी नेटची वायर ओढायला, वायफाय बंद करायला, डिस्क काढायला काय झालं होतं? तीन दिवस गप्प बसता, मग भाचा येऊन फॉर्मॅट मारतो आणि फायलींबरोबर चिठ्ठीही जाते. अहो, त्या चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी1’ असेल तर ऑफलाइन, म्हणजे व्हायरसमध्येच आधीपासून असलेली, किल्ली वापरलेली असते. तशातल्या काही फायली एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या फुकट साधनाने उघडू शकतात. इतर काही जातींच्या किल्ल्या नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर मिळतात, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि डच पोलीस त्यात 2016 पासून आहेत. पण त्यासाठी कुलूपबंद फायली आणि चिठ्ठी शिल्लक तर हवी! पुसून टाकल्यावर काय उघडायचं, कपाळ? पैसे भरले असतील तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा, मला नको.

आणि तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाला लावला होता ना? मग खिशातच ठेवा. माझ्या लॅपटॉपला लावायचा नाही.