मिरर डिस्कबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्थांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'फॉल्ट-टॉलरंट सर्व्हरमध्ये आतल्या डिस्क मिरर केल्या की बॅकअप घ्यायची गरज नाही, शिवाय दोन डिस्कची जागाही दुप्पट मिळते.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. (फॉल्ट-टॉलरंट म्हणजे एक भाग बिघडला तरी चालू राहणारा सर्व्हर; डिस्क मिरर करणं म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवणं.)

जागेचं आधी. ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्या की वापरायला ४ टीबीच मिळतात. एक ४ची आणि एक २ची असेल तर २च.

आता बॅकअप. मिररिंगमध्ये प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क मेली तरी काउंटर चालू राहतो, तेवढ्यासाठीच ते आहे. पण क्लार्कने चुकून खातं डिलीट केलं तर ते दोन्हीकडून जातं. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फायली कुलूपबंद केल्या तर आरशातही कुलूपच दिसणार!

फॉल्ट-टॉलरंट सर्व्हरमध्ये सारखे दोन भाग असतात. जोडीची एक डिस्क एका भागात, दुसरी दुसऱ्यात हवी. दोन्ही एकाच भागात कोंबल्या, तर तो भाग बंद पडताच सगळं ठप्प. (जागा आहे म्हणून तिथंच बसवलेल्या मी पाहिल्यात.)

डिस्क बदलताना सीरियल नंबर ताडून मगच ओढा. चांगली डिस्क काढली गेली की संपलं. नवी बसवल्यावर सिंक (जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरणं) पूर्ण होईपर्यंत एकाच डिस्कवर भिस्त असते. तोवर दुसरी काढू नका. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कशी जाते ते सांगायला नको, यूपीएस आधी तपासा.

रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, ती काढून दुसऱ्या शाखेत ठेवा.