त्रुटी काढायच्या तर एकदाच काढा

नगरपालिकेत कामं का रखडतात हा विषय निघाला की गाडी लगेच चिरीमिरीवर जाते. ती आहेच. पण मला त्याहून जास्त चीड येते ती सगळं नियमात बसवून केलेल्या उशिराची.

वडील गेल्यावर घरपट्टीला आईचं नाव लावायला अर्ज दिला. आधी म्हणाले, मृत्यूचा दाखला जोडा. जोडला. मग वारसांचं संमतीपत्र. तेही दिलं, तर चालू वर्षाची कर पावती नाही म्हणून अर्ज परत. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या नसत्या का? पुढे टिपणी वर गेली आणि शेरा पडला, ‘चर्चा करावी’. कुणी, कुणाशी, कधीपर्यंत, काही नाही. फाइल पुन्हा खाली. आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘झालं का रे?’

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवेला मुदत आहे, मग दोन अपिलं, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कायदा चांगलाच आहे. पण मुदत मोजतात ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. त्रुटी एकेक करून काढत राहिलं की मुदत सुरूच होत नाही, आणि कागदोपत्री उशीर झालेलाच नसतो. अर्ज ऑनलाइन केल्यानेही यात फरक पडत नाही.

समोरच्या लिपिकाला शिव्या देऊन काही होणार नाही. पदं रिक्त, एकाकडे दोन-दोन टेबलांचा कार्यभार, त्यात निवडणुकीची कामं. शिवाय सही चुकली तर लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्यावर निघतो. फाइल अडवून ठेवली तर कुणी विचारत नाही. अशा वेळी माणूस फाइल वर ढकलणारच. वाद नसलेल्या वारस नोंदीचा निर्णय खालच्याच पातळीवर व्हावा आणि सद्हेतूने केलेल्या सहीला वरिष्ठांनी पाठबळ द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कार्यालय बदलतं, हे आपल्याकडे घडलेलं आहे. जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात अहमदनगरच्या आपल्या कार्यालयात जुनं दफ्तर लावून घेतलं, बसण्याची आणि कामाची रचना बदलली.

अर्ज घेतानाच सगळ्या त्रुटी एका यादीत, तारीख-सहीनिशी द्या. त्यानंतर नवी त्रुटी काढायची तर वरिष्ठांची लेखी मंजुरी घ्या. एवढ्यासाठी मुख्याधिकाऱ्यांचं एक परिपत्रक पुरेल. मुदत मात्र अर्ज दिल्या दिवसापासून धरायची तर कायद्यातच दुरुस्ती लागेल, आणि ती आपल्या आमदारांकडे आपणच मागायला हवी.